थाप कोणी मारली?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी 27 वर्षांचा आहे. वर्धा जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगच्या गोदामावर चार सीझनपासून फोर्कलिफ्ट चालवतो. डिसेंबरच्या शेवटी, रात्री दोनच्या सुमारास, बंद कंटेनरमध्ये कापसाच्या गाठी भरत होतो. गाडी आणि प्लॅटफॉर्म यांच्यातली फट वाढत होती, म्हणून त्या रात्री दोनदा गाडी पुढे घेऊन पुन्हा मागे लावायला लावली होती. गाठी आत ठेवून मी मागे आलो, पुढची चाकं नुकतीच प्लॅटफॉर्मवर टेकली आणि कंटेनर दीड हात पुढे सरकला. मधली लोखंडी प्लेट खणकन खाली पडली. क्षणभर उशीर झाला असता तर मशीनसकट मी खाली गेलो असतो. गाडीचे ड्रायव्हर म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. आमचं लग्न त्यांनीच जमवलं. त्यांना डुलकी लागली असावी, किंवा थोडी घेतली असावी. चहा आला म्हणून एका हमालानं पत्र्यावर थापा मारल्या, तेवढ्यात गाडी हलली. शेठला सांगितलं तर मामांची गाडी इथून बंद होईल. नाही सांगितलं तर पुढच्या वेळी माझं काही खरं नाही. तेव्हापासून ड्रायव्हर खाली उतरल्याशिवाय मी आत शिरत नाही. वेळेवर उडी मारता यावी म्हणून सीटबेल्टही लावत नाही. मुकादम सगळ्यांसमोर म्हणतो, "काऊन भेतं बे एवढं?" घरी अजून बोललो नाही. शेठला सांगू, गप बसू की काम सोडू? आणि मी खरंच भित्रा झालो आहे का?

उत्तर:

भाऊ,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे गेलात आणि मी तिथेच अडकले. 'चहा आला म्हणून एका हमालानं पत्र्यावर थापा मारल्या, तेवढ्यात गाडी हलली.' 'तेवढ्यात' हा शब्द तुम्ही वेळ सांगायला वापरलाय. मला वाटतं, कारणही तिथेच दडलंय.

एसटीत कंडक्टरनं एकदा घंटी वाजवली की थांबायचं, दोनदा वाजवली की निघायचं. ट्रकला घंटी नसते, तिथे क्लीनरचा हात असतो. मागून पत्र्यावर एक थाप आली की गाडी थांबते, दोन आल्या की निघते. मामांची अख्खी नोकरी ही भाषा ऐकण्यात गेली असणार. त्यातून त्या रात्री तुम्ही लोकांनीच त्यांना दोनदा पुढे-मागे करायला लावलं होतं. तिसऱ्यांदाही बोलावणं येईल या हिशोबानं ते स्टेअरिंगवर बसलेले, बहुधा इंजिनही चालूच. मागून थापा आल्या. त्यांनी गाडी पुढे घेतली.

झोपेत असते तर गाडी हललीच नसती, भाऊ.

मी तिथे नव्हते, ही माझी अटकळ. मामांनी खरंच घेतली असेल तर तो विषय वेगळा आहे, आणि त्यावर नात्याचं पांघरूण घालू नका. पण वास आला, बोलताना जीभ अडखळली, असं तुमच्या पत्रात कुठे नाही. नुसतं 'असावी' आहे. रात्री दोन वाजता ड्रायव्हरच्या हातून काही झालं की आपल्याला दोनच कारणं सुचतात, झोप नाहीतर बाटली. तिसरं शोधायच्या भानगडीत कोणी पडत नाही, कारण ते सापडलं तर आपल्यालाही काही करावं लागतं.

आता मागे जाऊ. मुळात फट वाढत का होती? तीन टनी फोर्कलिफ्टचं स्वतःचं वजनच चार टनांच्या पुढे असतं. त्यात गाठी. एक गाठ साधारण 170 किलोची. एवढं ओझं कंटेनरमध्ये शिरलं की गाडीचे पाटे दबतात, बाहेर आलं की उचलले जातात. तुम्ही आत ब्रेक मारता तेव्हा तो धक्का फरशीला, म्हणजे गाडीलाच बसतो. एका खेपेला गाडी बोटभरही सरकत नाही, पण वीस-पंचवीस खेपांनी फट चांगली दिसायला लागते. हँडब्रेक ओढलेला असला तरी हे होऊ शकतं. चाकाला उटी, म्हणजे चाक अडवणारा ठोकळा, असती तर फट वाढली नसती. फट वाढली नसती तर मामांना दोनदा हलवावं लागलं नसतं, ते कॅबिनमध्ये तयारीत बसले नसते, आणि चहाची थाप ही चहाचीच थाप राहिली असती. तुमच्या जिवावर आलेली गोष्ट सुरू झाली ती एका लाकडाच्या ठोकळ्यापासून. जो तिथे नव्हता.

तुमच्या घरी बंडी असेल, निदान आजोबांच्या काळी असेलच. कापसाची बंडी रिकामी करताना जाणता माणूस आधी बैल सोडून बाजूला बांधतो, चाकाला दगड लावतो, मग कोणाला वर चढू देतो. बैल कितीही शहाणा असो. माशी चावली, कुत्रं भुंकलं तर तो एक पाऊल टाकणारच, आणि वरचा गडी खाली. बैल सोडणं हा बैलाचा अपमान आहे असं आजवर कोणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही. आणि इथे आपण दीड-दोनशे घोड्यांचं इंजिन जुंपलेलंच ठेवतो, मागे माणूस आत-बाहेर करत असतो, आणि सगळा भरवसा एका थापेवर.

म्हणून 'मामांचं नाव सांगू की नको' हा तुमचा प्रश्न मला थोडा बाजूला ठेवावासा वाटतो. समजा सांगितलं. शेठनं मामांची गाडी बंद केली. उद्या तिथे दुसरी गाडी लागेल, दुसरा ड्रायव्हर येईल, आपल्याकडच्या गाठी तामिळनाडूच्या सूतगिरण्यांना जातात म्हणजे कदाचित मराठी न कळणारा येईल. प्लॅटफॉर्म तोच, चहा तोच, थापही तीच. मामा गेले म्हणून तुम्ही वाचलात असं होत नाही. गप बसलात तरी तेच. आणि काम सोडून दुसऱ्या गोदामावर गेलात, तर तिथेही उटी असेल याची खात्री कोण देणार? तुमचे तिन्ही पर्याय माणसं हलवणारे आहेत, प्लॅटफॉर्म जिथल्या तिथे.

पुढे जाण्याआधी एका गोष्टीवर मी तुमच्यावर चिडणार आहे. सीटबेल्ट.

उडी मारता यावी म्हणून बेल्ट काढून ठेवणं, हे त्या रात्रीपेक्षाही जास्त धोक्याचं आहे. फोर्कलिफ्ट कलंडते तेव्हा आपल्याला वाटतं की वेळ मिळेल. तो मिळत नाही. शिवाय ज्या बाजूला मशीन पडतं त्याच बाजूला अंग फेकलं जातं, म्हणजे माणूस उडी मारतो तीही पडणाऱ्या बाजूलाच. मग डोक्यावरचा जो लोखंडी पिंजरा तुम्हाला वाचवायला बसवलाय, त्याचीच कड अंगावर येते. अशा अपघातांत माणसं जातात ती बहुतेक मशीनच्या आत बसून नव्हे, बाहेर पडायच्या धडपडीत. मशीन जायला लागलंच तर स्टेअरिंग घट्ट धरा, पाय खाली दाबून ठेवा आणि मशीन पडतंय त्याच्या उलट बाजूला झुका. हे सगळं बेल्ट असला तरच जमतं. आजच्या पाळीपासून लावा. बेल्ट तुटका असेल किंवा सीटखाली गाठ मारून ठेवला असेल (बहुतेक ठिकाणी असतोच), तर शेठकडे पहिली मागणी तीच करा.

आणि प्लेटवरून जाताना स्टेअरिंग वळवू नका, सरळ जा, सरळ या. गाठी जमिनीपासून वीतभरच वर. फोर्कलिफ्ट उभी असते चार चाकांवर, पण तोल सांभाळते तीन ठिकाणी: पुढची दोन चाकं आणि मागच्या धुऱ्याचा मधला सांधा. हा त्रिकोण मागे निमुळता होत जातो. म्हणून वजन उंच उचलून वळलं की मशीन आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार लवकर कलंडतं. तुम्ही चार सीझनचे, हे हातांना माहीत असेल. नव्या पोराला कोणी सांगत नाही, म्हणून लिहिलं.

आता व्यवस्थेचं. मोठ्या शहरांत प्लॅटफॉर्मला गाडी पकडून ठेवणारे हुक असतात, लाल-हिरवे दिवे असतात. ते तुमच्याकडे कधी येतील तेव्हा येवोत. तुमच्या गोदामाला दोन गोष्टी लागतात.

पहिली, उटी. आरागिरणीतून बाभळीच्या लाकडाचे दोन तिरपे ठोकळे कापून आणा. रंग पिवळा, आणि दोरीनं प्लॅटफॉर्मच्या कडीला बांधलेले, नाहीतर आठ दिवसांत कोणाच्या तरी चुलीत जातील. लावायचे मागच्या चाकांच्या पुढे, म्हणजे कॅबिनच्या बाजूला. हे मुद्दाम लिहितेय. चढावर गाडी मागे घसरते या सवयीनं माणसं उटी चाकाच्या मागे लावतात, पण प्लॅटफॉर्मला टेकलेली गाडी मागे जाऊन जाऊन जाणार कुठे? ती जाते पुढे. प्लेटच्या खालच्या अंगालाही दोन लोखंडी तुकडे वेल्ड करून घ्या, फटीत अडकतील असे, म्हणजे प्लेट सहजासहजी घसरणार नाही.

दुसरी, चावी. इथे मला आमच्या गावचं लहानसं स्टेशन आठवतं. एकेरी लाइन होती. स्टेशनमास्तर वेताच्या मोठ्या कड्यात अडकवलेल्या चामडी पिशवीत एक लोखंडी गोळा घालायचा आणि इंजिनाच्या ड्रायव्हरला द्यायचा. तो गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे न्यायचा नाही. कोणी हात दाखवो, ओरडो, शिट्टी मारो, गोळा म्हणजे गोळा. चुकून दोन गोळे कोणाला मिळू नयेत अशी यंत्रंच असायची. आम्ही पोरं फलाटावर उभे राहून तो कडं झेलण्याचा खेळ बघायचो. तुमच्या प्लॅटफॉर्मला असा एक गोळा हवा. गाडी लागली, इंजिन बंद, हँडब्रेक, उट्या लावल्या, की ड्रायव्हरनं चावी काढून फोर्कलिफ्टवाल्याला द्यायची आणि बदल्यात नंबर ठोकलेला पत्र्याचा बिल्ला घ्यायचा. गाडी भरली, प्लेट उचलली, उट्या काढल्या, मग बिल्ला परत आणि चावी परत, हातात हात. मधल्या वेळात पत्र्यावर कोणी तबला वाजवला तरी गाडी हलणार नाही.

ड्रायव्हर लोक याला नाही म्हणतील, आणि त्यांची कारणं खोटी नसतात. गाडी मालकाची, चावी परक्याच्या हाती कशी द्यायची? कॅबिनमध्ये कागदपत्रं, पैसे, कपडे, टाकीत डिझेल. डिसेंबरात रात्रभर बाहेर बसायचं कुठे? वजनकाट्यापासून नंबर लागेपर्यंत पंधरा-पंधरा तास ताटकळलेल्या माणसाला 'खाली उतर' म्हणणं सोपं आहे. म्हणून चावी मागायची तर आधी बसायला जागा द्यायची. गोदामाच्या भिंतीशी बाक, वर पत्रा, मोबाइल चार्ज करायला एक पॉइंट, आणि कॅबिनला ड्रायव्हरचं स्वतःचं कुलूप. शेकोटी मात्र मी सुचवणार नाही, जिनिंगच्या आवारात शेकोटीचा सल्ला देऊन मला विदर्भात तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

हमालांच्या टोळीला एकच सांगायचं: लागलेल्या गाडीच्या पत्र्याला हात लावायचा नाही. चहा आला तर हाक मारा. आणि फोर्कलिफ्टच्या मागे-बाजूला उभं राहू नका, ती मागच्या चाकांवर वळते, त्यामुळे तिची शेपटी अचानक बाहेर येते. ज्या पोरानं थाप मारली त्याला सहज, प्रेमानं सांगा. त्याला कळलंही नसेल काय झालं ते.

मुकादमाचं काय करायचं? फारसं काही नाही. ड्रायव्हर उतरल्याशिवाय आत न शिरणं हे तुम्ही एकट्यानं, कोणी न शिकवता शोधलेलं बरोबर उत्तर आहे. बेल्ट काढणं हे चुकीचं. दोन्ही त्याच भीतीतून आलेत, आणि भीती असायलाच हवी, ती रात्र तशीच होती. तुम्ही भित्रे नाही. पण मुकादमाला हे पटवत बसू नका, त्याला गाड्या मोजायच्या असतात. उट्या आणि चावी-बिल्ला सुरू झाले की प्रत्येक गाडीमागे पुन्हा पुढे-मागे करायचा वेळ वाचतो. हे त्याला आपोआप दिसेल.

आधी मामांना भेटा. गोदामावर नको, चार माणसांत तर नकोच. संक्रांत आहे, तीळगूळ घेऊन जायला निमित्त आयतं मिळालंय. बायकोला त्याआधी सगळं सांगा. हमालांच्या घरातून तिच्या कानावर जाण्यापेक्षा तुमच्या तोंडून गेलेलं बरं, आणि मामांपाशी कसं बोलायचं ते तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. मामांना 'तुम्ही गाडी कशी हलवली' असं विचारू नका. विचारा, "मामा, त्या रात्री तुम्हाला मागून काय ऐकू आलं?" आणि मग गप बसा. त्या प्लेटचा आवाज त्यांनीही ऐकलाय. तुमच्यासारखेच तेही गेले पंधरा दिवस कोणापाशी बोलले नसतील.

जमलं तर शेठकडे दोघं मिळून जा. चावी द्यायला तयार आहे हे ड्रायव्हरच्या तोंडून आलं की अर्धं काम होतं. एका कागदावर तारीख, वेळ आणि एवढंच लिहा: 'गाठी भरताना गाडी पुढे सरकली, प्लेट पडली, कोणाला लागलं नाही. गाडीला उट्या नव्हत्या, चावी गाडीतच होती.' नाव कोणाचंच नको. एक प्रत स्वतःपाशी ठेवा. शेठशी बोलताना कायद्यापासून सुरुवात करू नका. प्लेट, फोर्कलिफ्टचा पुढचा धुरा, खाली पडलेल्या गाठी आणि ऐन सीझनमध्ये बंद पडलेला प्लॅटफॉर्म, हा हिशोब शेठ तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर करतात.

तरी नाहीच ऐकलं तर हेही माहीत असू द्या. भोपाळच्या 1984 च्या वायुकांडानंतर, 1987 साली, 1948 च्या कारखाने कायद्यात कामगारासाठी वेगळी भर पडली: सुरक्षेची माहिती मागण्याचा, प्रशिक्षण मिळवण्याचा आणि थेट निरीक्षकाकडे म्हणणं मांडण्याचा हक्क. जीव जाईल असा धोका दिसला तर मालकाला सांगताना निरीक्षकालाही कळवता येतं, असं नोव्हेंबर 2025 मध्ये त्या कायद्याच्या जागी लागू झालेल्या 2020 च्या सुरक्षा संहितेत आहे. राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं कार्यालय नागपुरात आहे. मात्र ही पायरी शेवटची. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, त्या दिवशी अनेक कारखान्यांत फाटकावर फलक लागतो, छातीला बिल्ला लागतो, फोटो निघतो. तुमच्या शेठला तो हौसेनं करायची सवय असेल, तर तोच मुहूर्त धरून चावीचा बिल्ला सुरू करायला सांगा. एका दिवसात दोन बिल्ले.

हे सदर वाचणाऱ्या ड्रायव्हर मंडळींसाठीही थोडं. तुम्ही अनोळखी आवारात जाता तेव्हा तिथे उटी, बिल्ला काही नसेल हे धरूनच चाला. गाडी लावली की चावी स्वतःहून काढा आणि खिशात ठेवा. निघताना कोणी थाप मारली, कोणी 'जाऊ द्या' म्हणालं, तरी एकदा खाली उतरून मागे चालत जा आणि प्लेट उचलली आहे का, आत कोणी आहे का ते डोळ्यांनी बघा. कंटेनरच्या आतला माणूस कुठल्याच आरशात दिसत नाही. रात्र असेल तर मोबाइलचा उजेड मारून बघा. तीस-चाळीस पावलं जातात आणि तेवढीच येतात.

भाऊ, मामांकडे जाऊन आलात की मला लिहा. त्यांनी एक थाप ऐकली होती की दोन, तेवढं नक्की कळवा.